शेवंतीच्या गाठीचा कौल

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात शेवंती घाडीगावकर म्हणून कुणाला विचारू नका, उगाच चार इमारती फिराल. कॅरमवाल्या बाई म्हणा. मग भाजीवालासुद्धा हातातली मेथीची जुडी खाली ठेवून तुम्हाला जिन्यापर्यंत सोडायला येईल. वय सत्तावन्न, उंची बेताची, आवाज मात्र असा की ती घरात बोलली की तळमजल्यावर कळतं आज काय शिजलंय. आणि उजव्या हाताचं मधलं बोट! त्या बोटाची बडदास्त काही विचारू नका. विळीजवळ ते बोट जात नाही. मासे कापायचे तर नवऱ्याने, म्हणजे दत्तारामने. बाईसाहेब बाजूला उभ्या राहून सूचना देणार.

पण त्या बोटाने तिला कमी दिलेलं नाही. भांडुपला माहेरच्या गल्लीत मंडळाची एक खोली होती, तिथे भाऊ कॅरम खेळायचे आणि ही दारात उभी राहून चुका काढायची. एकदा कुणीतरी वैतागून म्हणालं, एवढं कळतं तर बस ना समोर. बसली. त्यानंतर तिला उठवायला कोणाची छाती झाली नाही. जिल्ह्यात खेळली, राज्यात खेळली, आणि खेळाच्या जोरावर घाटकोपरच्या एका बँकेत नोकरीला लागली. त्या काळात ह्या गोष्टीचं भांडुपमध्ये इतकं कौतुक झालं की तिच्या वडिलांनी शेजाऱ्यांना पेढे वाटता वाटता स्वतःला एकही ठेवला नाही.

दत्ताराम मूळचा कणकवलीच्या पुढचा, विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर. मुलगी बघायला आला तेव्हा कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला बोर्ड त्याला दिसला. स्वयंपाक येतो का, हे विचारायचं राहिलं बाजूला, म्हणाला, एक डाव होऊन जाऊ दे. मोठी माणसं बघत राहिली. त्याने सपाटून मार खाल्ला आणि जाताना जिन्यातच भावाला सांगितलं की हीच. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, मुलगी अपूर्वा मोठी होऊन पवईला नोकरीला लागली, दत्ताराम निवृत्त झाला, पण संध्याकाळचा डाव काही चुकला नाही. तो बहुतेक वेळा हरतो. पण फुकटची सोंगटी म्हणून तिला कधी देत नाही. तेवढं त्याला कळतं.

तर अशा ह्या शेवंतीला गेल्या वर्षी अंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली. वाटाण्यापेक्षा मोठी, सुपारीपेक्षा लहान. तिने दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता दत्तारामला म्हणाली, मला गाठ आलीय, सुट्टी काढते, मुलुंडला दाखवून येऊ. जसं काही चष्म्याचा नंबर काढायला जायचंय. तो बिचारा बशी तोंडाशी नेता नेता तिथेच थांबला.

मुलुंडच्या रुग्णालयात डॉक्टर निधी ठक्कर भेटल्या. तरुण, चटपटीत, मराठी बोलताना मधूनच गुजराती हेल यायचा. तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. मग ऑपरेशन झालं, फक्त गाठ आणि तिच्या आजूबाजूचा थोडा भाग काढला. शेवंती तिसऱ्या दिवशी घरी येऊन आल्या-आल्या गॅसचा ओटा कोणी असा चिकट ठेवला म्हणून ओरडली. ते ओरडणं ऐकून दत्ताराम बाथरूममध्ये जाऊन रडला. बरं वाटलं म्हणून रडला, दुसरं काही नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. टाके काढायला गेल्यावर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. गाठ पूर्ण निघाली आहे, काखेत काही पसरलेलं नाही, हे ऐकून दत्तारामने हात जोडले. आता छातीला काही आठवडे लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायची आणि मग पाच वर्षं रोज एक गोळी, हे ठरलेलं. प्रश्न होता केमोचा. ह्या प्रकारच्या गाठीत काही बायकांना केमोचा खूप उपयोग होतो आणि बऱ्याच जणींना काडीचाही होत नाही. नुसत्या डोळ्यांनी गाठ बघून हे सांगता येत नाही. आणि केमो म्हणजे काय काय, तेही डॉक्टरांनी लपवलं नाही. केस जातात, ते परत येतात. तोंडाची चव जाते, ती परत येते. आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, बहुतेकींचा काही महिन्यांत जातो, काहींचा राहतो.

केसांचं ऐकून शेवंतीने खांदे उडवले होते. बोटांचं ऐकल्यावर तिने टेबलावरचा हात हळूच मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाली, "जगायला लागत असेल तर बोटं गेली खड्ड्यात, मी घेईन. पण लागत नसेल तर एक थेंबही नको."

डॉक्टर म्हणाल्या, हेच तर बघायचंय. आणि मग त्यांनी जे समजावलं ते शेवंतीला इतकं आवडलं की पुढे तिने ते अख्ख्या इमारतीला ऐकवलं. तुमच्या इमारतीत प्रत्येक घरी टीव्ही आहे की नाही, डॉक्टर म्हणाल्या. पण कोणाचा चालू आहे, कोणाचा बंद, कोणाचा आवाज मोठा, हे घराघरावर. गाठीतल्या पेशींमध्ये जनुकं असतात, त्यांचं तसंच. ठरावीक जनुकांचा आवाज चढलेला असला तर ती गाठ आडदांड, पुन्हा कुठेतरी डोकं वर काढण्याची शक्यता जास्त, अशा वेळी केमो हवी. तीच जनुकं शांत असली तर गाठ गरीब स्वभावाची, तिथे गोळी पुरते. तुमची गाठ आम्ही मेणात बसवून ठेवलीय. तिचे पातळ काप तपासायला पाठवू, तिथे एकेका जनुकाचा आवाज मोजतात, त्यावरून आकडा काढतात. उत्तर यायला पंधरा-वीस दिवस लागतील.

शेवंती घरी आली ती खुशीत. काहीतरी मोजून ठरणार ह्याचंच तिला बरं वाटत होतं. शेजारच्या मालनला दारात गाठून तिने टीव्हीचा किस्सा सांगितला आणि वर म्हणाली की माझी गाठ माझ्यासारखी नसू दे म्हणजे झालं, माझा आवाज तर तुला ठाऊकच आहे. मालन हसता हसता भिंतीला टेकली. रविवारी अपूर्वा आली, तिने लॅपटॉप उघडून ह्या तपासणीबद्दल काय काय वाचून दाखवलं. शेवंतीने घावणे केले, सगळ्यांनी चापून खाल्ले. घरात एवढं मोठं दुखणं येऊन गेलंय असं कोणी म्हटलं नसतं.

फक्त दत्तारामचं काहीतरी बिनसलं होतं. आधी तिच्या लक्षात आलं नाही. मग त्याने चहा आणून दिला. मग धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. मग बाजारातून तिला आवडते म्हणून मोदकं आणली, ती मासळी, गोडाचे मोदक नव्हेत, आणि भाव न करता आणली. शेवंतीने हे सगळं पाहिलं आणि माणूस घाबरलाय म्हणून सोडून दिलं.

पण संध्याकाळी डावाला बसले. क्वीन बोर्डाच्या मध्यावर, त्याच्या समोरच्या पॉकेटच्या रेषेत सरळ आणि तिच्या मागे कव्हरची सोंगटी अशी की शाळेतल्या मुलीने डोळे मिटून काढली असती. दत्तारामने स्ट्रायकर ठेवला, नेम धरला आणि भलतीकडेच मारला. शेवंतीने त्याच्याकडे बघितलं. तो पावडर झटकत होता. पुढच्या वेळी त्याने तिच्यासाठी अख्खा कोपरा मोकळा करून दिला. झालं. शेवंतीने स्ट्रायकर उचलून मुठीत बंद केला आणि म्हणाली, खेळ बंद. आता तोंड उघडा.

तो आधी काहीच नाही म्हणाला. मग डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणाला. मग कबूल झाला. हे दोघे एरवी शहरातलं मराठी बोलतात, पण भांडायचं असलं की दोघांच्याही तोंडी मालवणी येते.

"कौल लावून घेतलंय," तो म्हणाला.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. कोकणात गावच्या देवाला काही विचारायचं असलं की देवळात जाऊन कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, ज्याचा प्रश्न असेल त्याच्या वतीने तो प्रश्न देवाला मोठ्याने घालतो आणि मग सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. घर बांधायचं का, मुलगी द्यायची का, विहीर कुठे खणायची, सगळ्याला कौल. आणि एकदा कौल मिळाला की तोच प्रश्न पुन्हा घालायचा नाही. मिळाला तो मानायचा.

दत्तारामने काय केलं होतं, तर मुलुंडहून परत आल्या दिवशीच गच्चीवर जाऊन गावी थोरल्या भावाला, राजारामला, फोन लावला. हिला केमोच्या सुया घ्यायच्या की नाही, रवळनाथाला विचार. राजाराम देवळात गेला, गुरवाने पाकळ्या लावल्या, प्रश्न घातला. उजवी पडली. सुया घ्यायच्या.

शेवंतीचा पारा असा चढला की खालच्या मजल्यावरचा मिक्सर बंद झाला. देवाला विचारलं ह्याचा तिला राग नव्हता. ती काही देवाला न मानणारी नव्हे. उलट तीच खरी अडचण होती, कारण रवळनाथाला ती मानत होती, लग्न होऊन गावी गेली तेव्हा पहिला नारळ तिने त्याच्यापुढे ठेवला होता, अपूर्वाच्या वेळी पोटाशी हात धरून त्याच्या पायरीवर बसली होती. राग वेगळाच होता.

"माझ्या अंगाचो कौल," ती म्हणाली, "आणि माका ठावक नाय?"

दत्तारामने मान खाली घातली. विचारलं असतं तर तू कौल नकोच म्हणाली असतीस, असं काहीतरी पुटपुटला. मग त्याने मान वर केली. "माका भिया वाटता गो. तू नसलंस तर मी कोणावांगडा खेळतलंय?"

ती बोर्डाच्या ह्या बाजूला, तो त्या बाजूला, मध्ये सोंगट्या विखुरलेल्या. शेवंतीने उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण राग गेला नव्हता, म्हणून जरा जोरातच फिरवला.

पुढचे दिवस चमत्कारिक गेले. भांडण असं नव्हतंच. सकाळी ती बँकेत जायची, तिथल्या मुली तिला बसल्या जागी सगळं आणून द्यायच्या आणि ती त्यांना हाकलून द्यायची. संध्याकाळी कन्नमवार नगरातल्या मंडळाच्या खोलीत कॅरम शिकायला येणाऱ्या पोरींना नेम कसा धरायचा ते दाखवायची. पण एखादीचं बोट हातात धरून स्ट्रायकरवर ठेवताना तिच्या मनात यायचं की आपली बोटं अशीच राहतील की नाही. रिपोर्टमध्ये केमो लागणार असं आलं तर प्रश्न मिटला, देव आणि डॉक्टर एकच बोलले. आणि लागणार नाही असं आलं तर? तर एकीकडे डॉक्टर आणि एकीकडे रवळनाथ, आणि मध्ये ती. शिवाय दत्ताराम आहेच, घाबरलेला. तिला स्वतःचं हसू यायचं. कॅन्सर झालाय आणि हिला काळजी कसली, तर रिपोर्ट चांगला आला तर काय करायचं ह्याची!

अपूर्वाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली की बाबांनी ही काय वाट लावून ठेवली यार, फुलाच्या पाकळीवरून कोणी केमो घेतं का. शेवंतीने तिला तिथल्या तिथे गप्प केलं. देवाबद्दल असं बोलायचं नाही, म्हणाली. पण नंतर रात्रभर तिला झोप लागली नाही, असं काही समजू नका. झोपली, चांगली घोरत झोपली. तिचा स्वभावच तो. जे उद्या ठरणार ते उद्या.

रिपोर्ट आला. दोघं मुलुंडला गेले. डॉक्टर ठक्करांचा चेहराच सांगत होता. आकडा खालचा होता, चांगलाच खालचा. जनुकं शांत, गाठ गरीब. डॉक्टरांनी नीट समजावलं. अशा आकड्याच्या शंभर बायकांनी नुसती गोळी घेतली तर त्यातल्या शहाण्णव जणी नऊ वर्षांनीही ठीक असतात. केमो दिली तरी त्या आकड्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. तेव्हा केमोची गरज नाही. लाईट घ्या, गोळी घ्या, खेळा.

शेवंतीने डोळे मिटून घेतले. छातीवरचा दगड उतरला, असं वाटेपर्यंत शेजारून दत्तारामचा आवाज आला.

"डॉक्टर, रिपोर्ट चांगला आहे, मान्य आहे. तरी तुम्ही हिला सुया द्या."

डॉक्टरांना आधी वाटलं त्याला कळलं नाही. त्यांनी पुन्हा समजावलं. तो पुन्हा तेच म्हणाला. मग त्याने खाली बघत कौलाचं सांगितलं, शाळेत मारामारी केलेल्या पोराने सांगावं तसं. डॉक्टर हसल्या नाहीत. माझी आजी पण देवीला विचारल्याशिवाय दागिना मोडत नसे, एवढं म्हणाल्या. मग त्याने विचारलं की आणि ही त्या राहिलेल्या चारांतली निघाली तर? डॉक्टर म्हणाल्या, निघू शकते. मी खोटं सांगणार नाही. शंभरांचं मला कळतं, एका माणसाचं पक्कं सांगणारी तपासणी अजून कोणाकडे नाही.

दत्ताराम तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत असं काही होतं की ती क्षणभर हो म्हणणार होती. घेऊन टाकू सुया, त्याचं समाधान तरी होईल. बोटांचं काय, सत्तावन्न वर्षं वापरली. अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या डोक्यात एक शंका वळवळत होती आणि शंका आली की विचारल्याशिवाय राहणं तिच्या रक्तात नाही.

"डॉक्टर," ती म्हणाली, "आम्ही देवाला विचारलं. तुम्ही कोणाला विचारलंत? शंभरातल्या शहाण्णव, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बायकांनी. तुमच्यासारख्याच. खूप वर्षांपूर्वी अशाच गाठी झालेल्या बायका होत्या. तेव्हा ही तपासणी नव्हती. कोणाला केमो द्यायची, कोणाला नाही, हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. म्हणून त्यांना विचारून, त्यांची तयारी घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून दिलं, काहींना केमो, काहींना नुसती गोळी. आणि प्रत्येकीची गाठ मेणात बसवून कपाटात ठेवली. वर्षं गेली. मग कुणालातरी सुचलं की त्या जुन्या गाठी बाहेर काढून त्यांतली जनुकं वाचावी, आणि कोणती बाई बरी राहिली, कोणाला पुन्हा झालं, ह्याच्याशी ताडून बघावं. मग नंतर आणखी हजारो बायकांवर तेच खरं ठरतंय का ते बघितलं. बहुतेक परदेशातल्या. आता आपल्याकडच्याही आहेत.

"त्यातल्या काही गेल्या?" शेवंतीने विचारलं.

"हो. काही गेल्या."

"आणि काहींनी उगाचच सुया सोसल्या?"

"बऱ्याच जणींनी," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना गरज नव्हती हे आत्ता आपल्याला कळतंय. त्यांच्यामुळेच कळतंय."

शेवंतीच्या डोळ्यांसमोर ती कपाटं आली, एकावर एक मेणाच्या वड्या, आणि प्रत्येक वडीमागे एक बाई, कोणीतरी ओटा पुसणारी, कोणीतरी नवऱ्यावर ओरडणारी. तिला भरून आलं. ऑपरेशनला रडली नव्हती, कॅन्सर म्हणाले तेव्हा रडली नव्हती, इथे ओळख ना पाळख अशा बायकांसाठी तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

मग ती दत्तारामकडे वळली. "अहो, देवाने मला होय की नाही एवढं सांगितलं. ह्या बायकांनी स्वतःच्या अंगावर काढून सांगितलंय. मी सुया घेतल्या तर त्यांचं सांगणं फुकट गेलं. चारांतली निघाले तर निघाले, तेव्हाचं तेव्हा बघू. केमो मी घेणार नाही."

दत्ताराम नाही म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही. निघताना डॉक्टरांनी विचारलं की मेणात उरलेला तुमचा भाग पुढच्या अभ्यासासाठी ठेवला तर चालेल का, नको असेल तर तसं सांगा. शेवंती म्हणाली, ठेवा, विचारता काय, नीट ठेवा म्हणजे झालं.

घरी आल्यावर दत्ताराम जेवला नाही. रुसला नव्हता. रुसलेला दत्ताराम तिला पाठ होता, हा घाबरलेला होता. कौल मोडला. आजवर घाडीगावकरांच्या घरात कोणी कौल मोडला नव्हता. शेवंतीला निर्णय बदलायचा नव्हता, पण देवाशी असं तोंड फिरवून राहायचंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच राजारामला, आपल्या थोरल्या दिराला, फोन लावला आणि सगळं सांगितलं. रिपोर्ट, त्या बायका, आपला निर्णय, काही लपवलं नाही.

राजारामने आधी फोन दत्तारामकडे द्यायला लावून त्याला चार शिव्या दिल्या. जिचा प्रश्न तिला न सांगता देवापुढे घालायला लावलास, ही काय पद्धत झाली? मग तिला म्हणाला की कौल बाजूला ठेवायचा तर चोरून ठेवू नका. गावाकडे तोंड करून गाऱ्हाणं घाला. जे झालं ते जसंच्या तसं देवापुढे मोठ्याने बोला. त्याच्यापासून लपवलं तर तो रागावतो, सांगितलं तर ऐकतो.

म्हणून रविवारी सकाळी गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आता गाव दक्षिणेला आणि घरात दक्षिणेची खिडकी एकच, स्वयंपाकघरातली. तेव्हा नारळ ठेवला गॅसच्या शेगडीशेजारी, मिक्सर बाजूला सरकवून. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आणि तिच्या पलीकडे थोडं खाडीचं हिरवं दिसत होतं, त्याच्याही पलीकडे गाव आहे असं धरायचं. दत्ताराम आंघोळ करून, डोक्यावर टोपी घालून पुढे उभा राहिला. गाऱ्हाणं पुरुषानेच घालायचं आणि मागच्यांनी प्रत्येक मागणीला होकार भरायचा ही रीत. मागे शेवंती, आणि पवईहून आलेली अपूर्वा, फोन खिशात ठेवून, हात जोडून.

"बा देवा रवळनाथा," दत्तारामने सुरुवात केली, "तुझो लेकरू दत्ताराम तुझ्यापुढे उभो आसा. तुका प्रश्न घातलंय तो माझ्या बायलेक न इचारता घातलंय. ती चूक माझी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," शेवंती मोठ्याने म्हणाली. अपूर्वा हळू म्हणाली.

"तू कौल दिलंस. तो आमी आज बाजूक ठेवतंव. राग धरू नको, तिच्यावरची नजर काढू नको, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता अपूर्वाचाही आवाज लागला.

दत्ताराम थांबला. हे शेवंतीला माहीत नव्हतं, पुढे तो काय बोलणार ते. त्याने टोपी सारखी केली.

"आणि ज्या बायांच्या गाठीवरसून हिचा कळला, तेंची नावा आमका ठावक नाय, गावा ठावक नाय. ज्यो जित्यो आसत तेंका बरी ठेव. आणि ज्यो गेल्यो..."

तो पुन्हा म्हणाला, ज्यो गेल्यो, आणि पुढे शब्दच येईना. खांदे हलायला लागले. अपूर्वाने आईकडे बघितलं. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडत नाहीत. गावी शेवंती कायम बायकांत मागे उभी राहिली होती, तिने कधी तोंड उघडलं नव्हतं, तिथे ते कोणी चालवूनही घेतलं नसतं. ती पुढे झाली, दत्तारामच्या दंडाला धरून त्याला एक पाऊल मागे घेतलं आणि त्याच्या जागी उभी राहिली.

"ज्यो गेल्यो तेंका माझो नमस्कार पोचव, म्हाराजा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखाच तळमजल्यापर्यंत गेला. "माझी पण गाठ थय मेणात ठेवलेली आसा. ती जेच्या कामाक येतली, त्या बायेक माझ्यापेक्षा जास्त वर्सा दी."

मागून, तिच्या जागी उभा राहून, दत्ताराम म्हणाला, "व्हय म्हाराजा."